लसावि

सहावीचं गणित ओट्यावर उघडं,
पानाच्या कोपऱ्यावर कणकेचं बोट उमटलेलं.
तनिष्का विचारते, मम्मी, लसाविचा उपयोग काय?
मॅडम म्हणाल्या, परीक्षेला येतो.

मी पोळी उलटली.
मशीन यायच्या आधीची आठ वर्षं तिकिटं फाडली मी,
सुट्ट्या पैशांवरून अख्ख्या पेठांशी भांडले.
रात्री कॅशला सात रुपये कमी भरले
तर पगारातून सात वजा.
ऋण संख्या मला फळ्यावर शिकवावी लागली नाही.

लिही, म्हटलं. स्वारगेट. सकाळचे सहा.
दोन गाड्या एकदम सुटल्या.
एक कात्रजला जाऊन साठ मिनिटांत परत येते,
दुसरी धायरीला, तिला चौऱ्याऐंशी लागतात.
पुन्हा शेजारी शेजारी कधी उभ्या राहतील?

ती लिहीत सुटली : साठ, एकशेवीस, एकशेऐंशी...
अगं, अशी वही संपेल. फोड आधी.
बारा पंचे साठ. बारा साते चौऱ्याऐंशी.
बारा दोघींचे सामाईक, ते एकदाच घे.
एकीचे पाच उरले, एकीचे सात.
पाच साते पस्तीस. आता पस्तीसला बारानं गुण.

चारशे वीस!
ती पोट धरून हसायला लागली.
मम्मी, उत्तर चारशे वीस आलं!
मीही हसले, जरा उशिरानं.

म्हणजे सात तास. म्हणजे दुपारी एक.
हो. बरोबर एकला.
उसाच्या गुऱ्हाळापलीकडं पेरूवाला असायचा,
एक पेरू, तिखटमीठ लावून उभा चिरलेला.
दोन माणसं, दोन फोडी.
बाकी पूज्य.

(माझ्या गाडीच्या सात फेऱ्या व्हायच्या, त्या गाडीच्या पाच.
म्हणजे तिच्या वाटणीचा सात मी फिरायचे
आणि माझा पाच ती.
हे मला तेव्हा, पद्मावतीच्या चढावर,
उभ्या गर्दीत, दांडा धरून एकदम कळलं होतं.
हे मी तनिष्काला सांगितलं नाही.)

मग?
मग एक नवा सिग्नल बसला.
वेळापत्रकात माझी फेरी एकसष्टची झाली.
एकाच मिनिटानं?
एकाच. मी डेपोत अर्ज दिला होता.
साहेब म्हणाले, बाई, एका मिनिटानं कुणाचं काय बिघडतंय?

तिनं साठ खोडून एकसष्ट केलं.
दोननं बघितलं, तीननं, पाचनं, सातनं.
भाग जाईना.
मम्मी, आता दोघींत सामाईक फक्त एक.
एक काय गं, तो सगळ्यांतच असतो.
मग गुणाकाराला बसली, हातचा विसरली,
खोडरबरानं पान फाटलं, पुन्हा केला :
पाच हजार एकशेचोवीस.
पंच्याऐंशी तास चोवीस मिनिटं.

ड्यूटी किती तासांची असायची?
आठ.

ती पेन्सिल चावत राहिली.
मग नाही जमणार.
नाही जमलं.

जिन्यात तिच्या पप्पांची चप्पल वाजली.
भोसरीहून येतात, दुसरा मजला चढायला
त्यांना बरोबर बावीस पायऱ्या लागतात,
मी चहाचं आधण बाराव्या पायरीला ठेवते.

त्या दुसऱ्या गाडीवर कंडक्टर कोण होतं?
नाव नाही सांगितलं. बिल्ला नंबर सांगितला.
अठराशे त्र्याहत्तर.
घे, याचे विभाजक काढ बघू.

तिला खेळच मिळाला.
तीननं नाही. सातनं चार उरतात.
अकरानं नाही. तेरानं, अरे, एकच उरला!
सतरानं तीन. एकोणीसनं...
किती वेळ करायचं हे?

त्रेचाळीसपर्यंत बघ, म्हटलं.
त्याच्या पुढं बघायची गरज नाही.

पेन्सिल थांबली.
तुला कसं माहीत?

दार उघड, म्हटलं. पप्पा आलेत.